वेड पांघरून पेडगावला

आमचे पेडगाव परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, निराळे. पण पाहुण्यांना हा भेद सांगून सांगून आम्ही थकलो. तेव्हा वाचकहो, ती म्हण आमच्याच गावची समजून मी आज एका बोलपटावर उगारणार आहे. वेड पांघरण्याचा इतका धडधडीत नमुना दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

'द पब्लिक एनिमी' हा वॉर्नर ब्रदर्सचा १९३१ सालचा बोलपट. दिग्दर्शक विल्यम वेलमन, नायक जेम्स कॅग्नी. आरंभीच पडद्यावर पाटी येते: आम्हांला गुंडाचा गौरव करायचा नाही, समाजातली परिस्थिती तेवढी प्रामाणिकपणे दाखवायची आहे. शाबास! मग दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेला टॉम पॉवर्स समोर येतो, आणि पाटी कोणाच्या ध्यानात राहते? कॅग्नी अंगाने ठेंगणा, पण बोलणे चाबकासारखे आणि चाल नर्तकाची. मुळात ही भूमिका एडवर्ड वुड्सची होती, कॅग्नीकडे त्याच्या मित्राची. चित्रण सुरू झाल्यावर अदलाबदल केली, कारण या गुंडात जीव ओतणारा कोण हे दिग्दर्शकाला कळले होते. ज्यांना गौरव करायचा नसतो ते इतके चोखंदळ नसतात.

घरातली तरुण मंडळी म्हणतात, "काका, शेवटी मरतोच ना तो!" मरतो, कबूल. पट्ट्यांनी गुंडाळलेला त्याचा देह आईच्या दारात उभा केलेला असतो. भाऊ दार उघडतो आणि तो आत कोसळतो. अंगावर काटा येतो, हेही कबूल. पण मारतो कोण? पोलीस नव्हे, न्यायालय नव्हे, विरुद्ध टोळी! धंद्यातल्या भाऊबंदकीला नीतिपाठ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

आणि त्या न्याहारीचे काय? सोबत राहणाऱ्या किटीचे बोलणे टॉमला आवडत नाही, म्हणून पपनसाच्या जातीच्या फळाची अर्धी फोड तो तिच्या तोंडावर दाबतो. खुनांचा हिशोब बोलपटाने चुकता केला. या फळाचा हिशोब कोणी मागितलाच नाही. मे क्लार्कने पुष्कळ भूमिका केल्या, पण लोकांनी तिला ओळखले ते या एका फोडीमुळे. हे दृश्य आले की आमच्या माजघरातही हशा पिकतो, आणि हसणाऱ्यांत उद्या संसार थाटणारे पोरगे असतात. मला भीती वाटते ती बंदुकीची नाही. बंदूक पेडगावात मिळणे कठीण. न्याहारीचे ताट घरोघरी आहे.

आमच्या मुंबईत, मालाडला, बॉम्बे टॉकीजने १९४३ साली 'किस्मत' काढला. ज्ञान मुखर्जींच्या त्या चित्रपटात अशोककुमार हसतमुख चोर. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. गुन्हेगारीचा गौरव म्हणून टीकाही झाली. पण पाहा, शेवटी चोर हा हरवलेला मुलगा निघतो आणि बाप त्याला पोटाशी धरतो. भाबडेपणा आहे, पण लपवाछपवी नाही: चोर आवडला, म्हणून घरात घेतला.

हल्ली नायकाने सिगारेट पेटवली की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा उमटतो, आणि नायक झोकात धूर सोडत राहतो. तीच जुनी पाटी, अक्षर बारीक झाले इतकेच.

मला बंदी नको. पाटी तेवढी बदला. 'हा गुंड आम्हांला फार आवडतो, तुम्हांलाही आवडेल,' असे स्वच्छ लिहा. आणि तोंड पुसून उठल्यावर किटी कुठे गेली, तेही एकदा दाखवा.