गावात समुपदेशक, पाठीशी मानसशास्त्रज्ञ

प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेला माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे सहसा सांगत नाही. झोप लागत नाही, अंग दुखते, कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी तो मांडतो. गोळ्या घेऊन घरी जातो. मूळ दुखणे तसेच राहते.

गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा आरोग्य केंद्रांत अशाच रुग्णांवर लक्ष दिले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. दोन्ही गटांना केंद्रातले उपचार मिळाले; एका गटाला जोडीला सहा ते आठ वेळा समुपदेशन. समुपदेशक होते किमान दहावी शिकलेले स्थानिक लोक. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण त्यांच्यापैकी कोणाचेही झालेले नव्हते. तीन महिन्यांनी लक्षणे ओसरलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. पुढच्या पाहणीत वर्षभरानंतरही फायदा टिकून असल्याचे दिसले.

या उपचाराची रीत समजायला सोपी आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: फिरणे, शेजाऱ्यांकडे जाणे, आवडीचे काम. जितके सोडतो तितके मन अधिक खचते आणि खचलेले मन आणखी काही सोडायला लावते. समुपदेशक मन उल्हसित होण्याची वाट पाहत नाही. रुग्णासोबत बसून तो एखादे छोटे, जमण्याजोगे काम ठरवतो. सकाळची एक फेरी, बहिणीला एक फोन. पुढच्या भेटीत ते झाले का, नसेल तर कुठे अडले, यावर दोघे बोलतात.

यावरून 'हे काम कोणीही करू शकते' असा अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. समुपदेशकांच्या मागे प्रशिक्षण होते, लिखित पद्धत होती, तज्ज्ञ होते. भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशक एकमेकांच्या कामाची तपासणी करत. आत्महत्येचा धोका किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार दिसला, तर रुग्णाला तज्ज्ञाकडेच पाठवायला हवे, आणि ही मर्यादा ओळखायलाही शिकवावे लागते.

चिकित्सा मानसशास्त्राच्या शिक्षणाचा विचार इथूनच व्हायला हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होते. त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत, विकारानुसार, उपचार पोहोचत नव्हते. रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतले जाणारे दीर्घ प्रशिक्षण आवश्यकच आहे, त्यात काटछाट नको. मात्र एकेका रुग्णासमोर बसणाऱ्या तज्ज्ञांच्या बळावर एवढी मोठी दरी बुजणार नाही. विद्यार्थ्याला उपचार करण्याइतकेच, इतरांना ते शिकवणे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणे शिकवले पाहिजे. आज अभ्यासक्रमात या कौशल्याला मुख्य जागा द्यायला हवी.

महाराष्ट्राने प्रत्येक जिल्ह्यात अशा मानसशास्त्रज्ञाचे कायम पद निर्माण करावे आणि आरोग्य केंद्रांतील समुपदेशकांची जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी. प्रशिक्षणाचे साहित्य मराठीत, त्या त्या भागातल्या बोलीची दखल घेऊन तयार व्हावे. समुपदेशकांना नियमित मानधन मिळावे. आधीच कामाखाली दबलेल्या आशा स्वयंसेविकांवर हा भार फुकटात टाकला, तर गोव्यात जे साधले ते इथे साधणार नाही.