'अबेयन्स' म्हणजे नापास नव्हे!

होस्टेलमध्ये कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो माझ्या रूमवर येतो. कारण एकच, मी 'कॉन्व्हेंटवाला'! पहिल्या वर्षी मला याचा थोडा गर्वही होता. झक्कास उच्चार, पटापट वाचन, बोलताना मध्येच एखादं 'अ‍ॅक्च्युअली'. पण इंग्रजी वाचता येणं आणि इंग्रजी कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मागच्या हिवाळ्यात नांदुऱ्याला, आमच्याच ओट्यावर कळलं. त्याची किंमत मात्र मी नाही, दुसऱ्याच एका मुलाने मोजली. म्हणून हा लेख म्हणजे थोडं मत आहे आणि थोडी कबुली.

नांदुरा म्हटलं की सगळे हायवेवरच्या १०५ फुटी हनुमानाबद्दल विचारतात. आमचं घर तिथून फार लांब नाही. सेमिस्टर संपून मी घरी आलो होतो. शेजारचे काका जिनिंगमध्ये काट्यावर कामाला आहेत. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. एका संध्याकाळी काका हातात पाकीट घेऊन आले.

"बापू, हे वाच बरं. तू त कॉन्व्हेंटमधी शिकेल हायेस."

मुलाच्या कॉलेजचं पत्र होतं, इंग्रजीत. मी एका दमात, न अडखळता मोठ्याने वाचलं. सुरुवातीलाच 'युअर वॉर्ड' आलं आणि काकांचा चेहरा उतरला. "वॉर्ड? दवाखान्यात हाये काय पोरगं?" मी हसलो. म्हटलं, "नाही हो काका, वॉर्ड म्हणजे तुमचा मुलगा." इथपर्यंत अंदाज जमला. पुढे होतं की रिझल्ट 'हेल्ड इन अबेयन्स', 'फॉर वॉन्ट ऑफ' अमुक कागद, आणि १५ दिवसांत कागद न दिल्यास 'डिबार्ड'.

'अबेयन्स' हा शब्द मी त्याआधी कधी ऐकलाही नव्हता. खिशात मोबाईल होता, दोन मिनिटांत अर्थ सापडला असता. पण काकांसमोर मोबाईल काढून शब्द शोधायचा म्हणजे कॉन्व्हेंटची अब्रूच गेली! मी म्हटलं, "काका, रिझल्ट अडकलाय. बहुतेक नापास दिसतो." कागदांचं विचारलं तर "ते पुढच्या अ‍ॅडमिशनला लागत असतील" असं ठोकून दिलं. मी 'बहुतेक' म्हटलं होतं, पण काकांच्या कानापर्यंत फक्त 'नापास' पोचलं.

त्या रात्री काकांनी मुलाला फोनवर झापलं. तो सांगत होता, "बाबा, माझा रिझल्ट लागलाच नाही." काकांनी ऐकलं नाही. कॉन्व्हेंटच्या पोराने पत्र वाचून सांगितलं होतं ना! पोटच्या मुलापेक्षा माझ्या अंदाजावर त्यांनी जास्त विश्वास ठेवला. मेसचे पैसे थांबले. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला आणि चौथ्या दिवशी बापाबरोबर जिनवर कामाला लागला. दहा-बारा दिवसांनी गावातल्या एका रिटायर्ड सरांनी सहज ते पत्र पाहिलं आणि डोक्याला हात लावला. एक दाखला जमा करायचा राहिला होता, एवढंच! तो रात्रीच्या गाडीने निघाला आणि शेवटच्या दिवशी लेट फी भरून दाखला दिला. नंतर निकाल लागला, तर सगळे विषय सुटलेले होते. काका मला काही बोलले नाहीत. तो मुलगा मात्र अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

मग मी हे शब्द नीट शोधले. 'अबेयन्स' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजी कायद्यात आला. त्याच्या मुळाशी तोंड उघडं ठेवून वाट पाहणं असा भाव आहे. इंग्लंडात एखाद्या सरदारकीवर दोन-तीन बहिणींचा सारखाच हक्क निघाला, की ती कुणाकडेच न जाता 'अबेयन्स'मध्ये जाते. म्हणजे गेलेली नसते, नुसती थांबलेली असते. 'फॉर वॉन्ट ऑफ' मधला 'वॉन्ट' म्हणजे हवं असणं नव्हे, तर नसणं, उणीव. हा त्या शब्दाचा जुना अर्थ. आणि 'वॉर्ड' म्हणजे ज्याची राखण करायची तो. 'वॉर्ड' आणि 'गार्ड' मुळात एकच शब्द, 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' हेही तसेच सख्खे भाऊ. वॉर्डन सरांनी रात्री दहाला दार वाजवलं तर रागावू नका, त्यांच्या नावातच राखण आहे!

पत्राचं सोडा, आपण रोज तोंडात घोळवतो ते शब्द घ्या. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टु कीप टर्म्स' हे पाठ असतं, पण 'टर्म ठेवणं' म्हणजे काय? लंडनला बॅरिस्टर होणाऱ्यांना टर्म 'ठेवावी' लागायची. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळात तिथे शिकले. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय की बारा टर्म पूर्ण करायच्या, आणि टर्म पूर्ण करणं म्हणजे दर टर्मच्या सुमारे चोवीस जेवणांपैकी निदान सहांना हजर राहणं. जेवलंच पाहिजे असं नाही, वेळेवर जाऊन शेवटपर्यंत बसायचं. म्हणजे मेसला जाऊन टर्म सुटायची! आपली मेस पाहता ही अट परीक्षेपेक्षा अवघड ठरली असती.

'बॅकलॉग' म्हणजे मुळात चुलीच्या, शेकोटीच्या मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका, जो सावकाश जळत राहतो. ज्याचा एम-थ्री राहिलाय त्याला हा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. 'रस्टिकेट' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ खेड्यातला. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिक्षा म्हणून मुलाला काही काळ गावाकडे पाठवायचे. आम्हा नांदुऱ्याच्या पोरांना ही शिक्षा कशी काय? आम्ही तर दर शनिवारी स्वतःहून गाडी पकडून रस्टिकेट होतो!

आता कुणी म्हणेल, काका शिकलेले नाहीत म्हणून असं झालं. मला हे मान्य नाही. काका ज्या 'जिन'वर काम करतात तो शब्दही जुना इंग्रजीच आहे. 'एंजिन'चा तुटलेला तुकडा म्हणजे 'जिन'. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या आपल्या यंत्राचं पेटंट एली व्हिटनीने १७९४ साली अमेरिकेत घेतलं, त्याचंही नाव 'कॉटन जिन'. आज साहेबाला 'जिन' म्हटलं तर आधी बाटली आठवेल, पण वऱ्हाडात पोरासोरांनाही जिन म्हणजे काय ते ठाऊक आहे. उलट इंग्रजी डिक्शनरीत 'कँडी' बघा. गोळी-चॉकलेटबरोबर 'एक जुनं वजन' असाही अर्थ मिळेल. ती आपली खंडी! रुईचा भाव अजूनही खंडीवर निघतो, एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. हे मला काकांनीच शिकवलं, आणि शिकवताना माझ्या अडाणीपणावर ते हसले नाहीत. सांगायचं काय, तर शब्द जुना आहे, परका आहे म्हणून कुणाचं अडत नाही. तो कुणी एकदा नीट सांगितला नाही, म्हणून अडतं.

आणि सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. ज्यांची ही भाषा, त्या इंग्रजांनी काय केलं पहा. १९७९ साली तिथे 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' सुरू झालं. १९९९ साली इंग्लंडच्या दिवाणी कोर्टांनी 'प्लेंटिफ' काढून 'क्लेमंट' आणला, 'रिट'च्या जागी 'क्लेम फॉर्म' आला. अमेरिकेनेही २०१० साली सरकारी कागद सोपे लिहावेत म्हणून कायदा केला. साहेबाने जुना कोट टाकून दिला आणि आपण तो इस्त्री करून घालतोय!

आपल्याकडे तर ही जाण फार जुनी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. मात्र एक धोकाही सांगतो. 'अबेयन्स' काढून 'प्रास्थगित' लिहिलं तर काका पुन्हा पाकीट घेऊन माझ्याच ओट्यावर येतील. "तुमच्या मुलाचा निकाल एका दाखल्यासाठी थांबवला आहे, तो नापास नाही, दाखला अमुक तारखेपर्यंत द्या." एवढी दोन ओळींची मराठी पुरते. लिहायला डिक्शनरी लागत नाही, फक्त वाचणारा डोळ्यासमोर आणावा लागतो.

काही मित्र म्हणतात, "यार, इंजिनिअरला इंग्रजी लागतंच, मराठीत पत्र मागून पुढे कसं जाणार?" इंग्रजी लागतंच, मी कुठे नाही म्हणतो? अवघड शब्दांच्या याद्या पाठ करा, मीही करतो. पण पत्र इंजिनिअरला नव्हे, त्याच्या बापाला जातं. आणि आपलं इंग्रजी चांगलं असेल तर त्याचा उपयोग बापाला घाबरवायला व्हावा की समजावून सांगायला?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, ऑफिसला नम्र विनंती, घरी जाणाऱ्या प्रत्येक इंग्रजी पत्राखाली दोन ओळी सोप्या मराठीत असाव्यात. भाषांतराला माणूस नसेल तर आम्ही मराठी विभागाचे विद्यार्थी फुकट करून देऊ, सरांनी फक्त तपासावं. दोन, होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कोपरा असावा. नोटीसमधला जो शब्द कळला नाही तो कुणीही नाव न घालता लिहावा, ज्याला येतो त्याने खाली अर्थ लिहावा. तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. कुणी विश्वासाने कागद पुढे केला आणि शब्द अडला, तर सरळ म्हणा, "काका, हा शब्द मला येत नाही, थांबा, बघून सांगतो."

आमच्या शाळेत इंग्रजीची खूप वाक्यं घोटून घेतली. त्यात 'आय डोन्ट नो' हेही होतं, उच्चारासकट. फक्त ते त्या संध्याकाळी ओट्यावर म्हणायचं राहून गेलं. काकांच्या मुलाचे बारा दिवस आणि लेट फी मी परत देऊ शकत नाही. निदान पुढच्या काकाला तरी मी खरा अर्थ सांगेन, नाहीतर गप्प बसेन.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)