विश्लेषण : न समजणाऱ्या प्रार्थनेचा उपयोग काय?

प्रार्थनासभेत कुणी डोळे मिटून, हात उंचावून कोणत्याच ओळखीच्या भाषेत न बसणारे शब्द बोलत आहे, अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर बहुधा थट्टेसाठी फिरतात. ख्रिस्ती परंपरेत याला ‘अन्य भाषांत बोलणे’ म्हणतात. पेंटेकोस्टल मंडळ्यांत ते नित्याचे आहे आणि त्याच्या इतिहासातले एक पान पुणे जिल्ह्यातील केडगावचे आहे.

बायबल काय सांगते?

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्य बोलतात आणि देशोदेशीच्या यहुद्यांना ते आपापल्या भाषेत कळते. करिंथच्या मंडळीत मात्र बोललेले कुणालाच कळत नाही. त्यावर पौलाचा नियम व्यवहारी आहे. एकट्याने देवाशी खुशाल बोलावे; सभेत मात्र दोघा-तिघांनीच, पाळीपाळीने आणि अर्थ सांगणारा असेल तरच. पौल स्वतः या भाषांत बोलत असे. तरीही सभेत समजणारे पाच शब्द त्याला न समजणाऱ्या दहा हजारांहून मोलाचे वाटले.

ही खरेच भाषा असते?

१९०१ मध्ये अमेरिकेतील टोपेका येथे आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर ही चळवळ उभी राहिली. या परकीय भाषाच आहेत, आता धर्मप्रसारासाठी भाषा शिकायची गरज नाही, असे आरंभीच्या अनेकांना वाटे. त्याच भरवशावर आल्फ्रेड गार कोलकात्याला आले. बंगाली काही साधली नाही. मिशनऱ्यांपुढे इंग्रजीतच बोलावे लागले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनीही १९७२ मध्ये दाखवले, की हे ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात, व्याकरण मात्र नसते. पण म्हणून ते ढोंग ठरत नाही. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाच महिलांच्या मेंदूची तपासणी झाली. अन्य भाषेत बोलताना त्यांच्या मेंदूच्या पुढील भागातील, म्हणजे नियंत्रण ठेवणाऱ्या भागातील, क्रिया मंदावलेली दिसली. पाच जणींवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हेही खरे.

मग मोल कशात?

अर्थात नव्हे, बोलणाऱ्यात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली धार्मिक जागृतीची लाट आली. तिथे होत्या बालविधवा आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुली. चारचौघांत ज्यांनी तोंड उघडलेले कुणाला खपले नसते, त्या तासन् तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. टीका झाली. रमाबाईंनी ते थांबवले नाही, पण श्रद्धेची कसोटीही केले नाही. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांचे या जागृतीवरील पुस्तक चिलीत पोहोचले आणि तेथील १९०९च्या पेंटेकोस्टल चळवळीला चालना मिळाली.

बिघडते ते कसोटी लावली की. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ने १९१६ मध्ये अन्य भाषा ही पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली दृश्य खूण मानली. ज्याला ते जमत नाही, त्याने मग एकतर स्वतःला कमी लेखायचे किंवा सोंग आणायचे. रमाबाई त्या वाटेला गेल्या नाहीत. त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल साध्या मराठीत आणायला घेतले, अल्पशिक्षित बायकांनाही कळेल असे. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे ते काम चालू होते.