आपल्या लिंबाची पानं लाल का नाहीत?

परवा भाचीच्या बालवर्गातून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. शनिवारी 'ऑटम डे'. कपडे नारिंगी किंवा तपकिरी, गळ्यात मफलर, साहित्याचे १५० रुपये. बाहेर ऑक्टोबरचं ऊन अंग भाजतंय आणि चार वर्षांच्या पोरीला मफलर!

बातमीदाराची खोड, गेलो बघायला. भिंतीवर मेपलची कागदी पानं, छापील खारी, डोळे कोरलेला भोपळा. आधीच कापून ठेवलेल्या पानाला पोरांनी गोंद लावायचा आणि 'ऑटम' म्हणायचं. झाली अ‍ॅक्टिव्हिटी. फोटो मात्र ढीगभर. परत येताना भाचीनं विचारलं, "मामा, आपल्या लिंबाची पानं लाल का नाहीत?"

दिवसभरात शिक्षणाची गोष्ट झाली ती एवढीच. आणि ती शाळेच्या फाटकाबाहेर झाली.

अमेरिका-कॅनडात या दिवसांत झाडं खरंच लाल-पिवळी होतात. तिथली पोरं अंगणातली पानं वेचतात, मोजतात, रंगाप्रमाणे लावतात. म्हणजे ती शाळा दारातलं शिकवते. आपण त्यांची रीत घेतली नाही, त्यांचं पान तेवढं उचललं.

आपल्याकडं आता शरद आहे. पानगळ शिशिरात येते. सध्या रानात सोयाबीनची काढणी चालू आहे, बाजारात झेंडूचे ढीग आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा एकत्र करून वेगळं करायला लावा, ते वर्गीकरण. एक पिवळं, एक केशरी फूल ओवायला लावा, तो आकृतिबंध. आपट्याचं पान मधोमध दुमडा, दोन्ही बाजू जुळतात. हादग्याचा हत्ती काढा, फेर धरा. भोपळाच पाहिजे ना? आपल्या भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आहे की! खर्च? शून्याच्या जवळपास.

हे काही मी शोधलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साहित्याऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. ज्या महाराष्ट्रानं हे देशाला दिलं, तिथं आज आपण पैसे मोजून परदेशी पान विकत घेतोय.

कुणी म्हणेल, इंग्रजी नको का? पाहिजे. जगातले ऋतू कळायला नकोत का? कळू द्या, पण आधी स्वतःचा कळू द्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षण आणि घरची भाषा म्हणतं. पण शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. त्याखालच्या लेकराच्या वर्गात काय चालतं, हे विचारायचं कुणी?

वर्गातल्या बाईंवर माझा राग नाही. तुटपुंज्या पगारात त्या वरून आलेला तक्ता पुरा करतात. राग संस्थाचालकांवर आहे. त्यांना ठाऊक आहे की मेपलचा फोटो पालकांना दाखवता येतो, सोयाबीन निवडणाऱ्या पोराचा नाही. आणि तेवढाच राग आपल्यावर आहे. शेतकऱ्याची पोरं आपण, रानातलं पीक फोटोत आलं की लाजतो.

म्हणून एवढंच करा. पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा, "या महिन्यात आमच्या पोरांनी गावातली कोणती झाडं, कोणती पिकं हाताळली?" उत्तर लेखी मागा. मी मागितलंय. अजून आलेलं नाही.

दरम्यान भाचीला घेऊन लिंबाखाली बसतो. पानं माघ-फाल्गुनात पिवळी होऊन गळतील, तेव्हा मोजू म्हणालोय.