बाजारात उभे असलेले मजूर

पदवीधर झालेला मुलगा दिवसभर मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतो. आमच्या काळी आम्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, ही वडीलधाऱ्यांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. एका रविवारी प्रवचनात आम्हीही ती उगाळली होती. आज त्याची आम्हास लाज वाटते.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत आठवा. दिवस कलला तरी काही मजूर बाजारात रिकामेच उभे होते. आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते म्हणाले. मालकाने त्यांना आळशी ठरवले नाही, मळ्यात धाडले. तो बाजार आज मोबाईलच्या पडद्यावर भरतो. 1997 साली 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले; 2015 साली केंद्र सरकारने 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संकेतस्थळ उघडले. आता कंपनीच्या दारी गेले तरी अर्ज संकेतस्थळावर भरा, असेच पुष्कळदा सांगितले जाते. उंबरठाच जागचा हलला, मग तरुणांनी झिजवावे काय?

या व्यवस्थेचे गुण आम्ही नाकारीत नाही. वशिल्याची चिठ्ठी नसलेल्या मुलीलाही दूरच्या शहरातील जागा कळते. परंतु एकेका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो, अनेक ठिकाणी पहिली चाळणी संगणकच लावतो आणि नकाराची एक ओळही येत नाही. बाहेर हे मौन, घरात टोमणे! या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या तरुणाला भामटा गाठतो.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने आखाती देशातील नोकरीसाठी 'व्हिसा शुल्क' म्हणून आईच्या बांगड्या गहाण ठेवून पैसे पाठवले. नेमणूकपत्र बनावट निघाले. आधी का आला नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "फादर, घरी सांगायला काहीतरी हवं होतं." त्या वाक्यात आमच्या प्रवचनाचाही वाटा होता.

हे केवळ पैशांवर थांबत नाही. थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाला सप्टेंबर 2022 मध्ये द्यावा लागला. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालास 1983 च्या कायद्याने सरकारी नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणीकृत दलालांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पण ही माहिती घेऊन तरुणाशेजारी बसणार कोण? बँकेतून, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कितीतरी जण आपल्या धर्मग्रामात आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी द्यावी. सभागृहाची किल्ली आम्ही देतो.

आणखी एक. 1981 साली 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमापेक्षा श्रम करणारा माणूस श्रेष्ठ मानला. आपल्यातही दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत. आम्ही धर्मगुरू शाळा चालवतो. आमच्याकडे आलेल्या किती अर्जांना आम्ही उत्तर देतो? जागा नसेल तर तसे कळवावे. ती मेहेरबानी नव्हे; अर्जदाराचा तो हक्क आहे.

आज रात्री मुलाच्या हातात मोबाईल दिसला, तर त्याला एवढेच विचारा: आज कुठे अर्ज केलास, बाळा? आणि उत्तर ऐकायला त्याच्याजवळ बसा.