वारशाला कर नाही, मग विलंब का?

रुग्णाची शुद्ध हरपू लागली की एखादा नातेवाईक कागद घेऊन येतो आणि 'डॉक्टरसाहेब, पेशंट पूर्ण भानावर आहे एवढे लिहून द्या' अशी विनंती करतो. वैद्यकीय व्यवसायातील प्रत्येकाने हा प्रसंग केव्हा ना केव्हा अनुभवला असेल. असा दाखला देता येत नाही, आणि नाकारताना त्या कुटुंबाचे उद्याचे भांडण डोळ्यांसमोर दिसते.

हजीऱ्याच्या कारखान्यांनिमित्त येथे आलेली अनेक मराठी कुटुंबे आता येथेच स्थिरावली आहेत. गावाकडच्या सातबाऱ्यावर मात्र अजूनही वडिलांचे, क्वचित आजोबांचेच नाव असते. विचारल्यास उत्तर मिळते, 'मुलांच्या नावे केले तर कर भरावा लागेल.'

एके काळी ही भीती खरी होती. १९५३ च्या कायद्याने आलेली इस्टेट ड्युटी मोठ्या मिळकतींवर ८५ टक्क्यांपर्यंत गेली होती. ती १९८५ मध्ये रद्द झाली. बक्षीस करही १९९८ मध्ये गेला. आज आईवडिलांकडून वारशाने, मृत्युपत्राने वा बक्षीसपत्राने मिळालेल्या मिळकतीवर मुलांना आयकर नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर व शेतजमीन मुलांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. दवाखान्याच्या गाळ्याला मात्र ही सवलत नाही. याउलट ब्रिटनमध्ये २०२४ च्या अर्थसंकल्पाने शेती व कौटुंबिक व्यवसायांच्या वारसाकरातील सवलतीला मर्यादा घातली, तेव्हा तेथील शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनमध्ये उतरले.

कर येतो तो पुढे, विक्रीच्या वेळी. भांडवली नफा मोजताना वडिलांची खरेदी किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते. म्हणून जुनी खरेदीखते जपून ठेवावीत. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर हा करही नाही.

'हयातीत दिले आणि मुलांनी विचारले नाही तर?' ही शंका रास्त आहे. परंतु सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिली आणि ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये ते रद्द करून घेता येते. तेही नको असेल, तर मृत्युपत्र आहेच. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार पुरेत.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तिला माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेणे म्हणजे वारसा सोपविणे नव्हे.

आपण रुग्णांना वेळेवर तपासणी करण्याचा सल्ला देतो. तोच सल्ला आता स्वतःच्या घरी अमलात आणू या. हातपाय धड आहेत, मन स्वस्थ आहे, मुले-मुली एकत्र बसू शकतात, तोवरच हे काम व्हावे. अतिदक्षता विभागातील खाट ही त्यासाठी योग्य जागा नव्हे.