विश्लेषण : सायकलने कामावर जा, पैसे मिळवा! कर्जत-खोपोलीत हे जमेल का?

सायकलने कामावर जाणाऱ्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे, ही योजना युरोपातील काही देशांत रुळली आहे. पेट्रोल आणि शेअर रिक्षाचा खर्च सोसणाऱ्या कर्जत-खालापूरकरांनाही ती आकर्षक वाटेल. पण इथला रोजचा प्रवास वेगळा आहे. त्यामुळे बक्षीस कोणी आणि कशासाठी द्यायचे, हे आधी ठरवावे लागेल.

परदेशातील अनुभव काय?

बेल्जियममध्ये नोकरी देणारी कंपनीच सायकल भत्ता देते. मे 2023 मध्ये खासगी क्षेत्रात त्याची व्याप्ती वाढली. तेव्हा दर होता किलोमीटरला 27 सेंट आणि मर्यादा दिवसाला 40 किलोमीटर. फ्रान्सने 2014 मध्ये 18 आस्थापनांत सहा महिने 25 सेंटचा प्रयोग केला. सायकलस्वार वाढले, मात्र नव्यांपैकी बरेच जण आधी बस-रेल्वेने जाणारे होते. म्हणजे पैशाने सवय बदलते, पण रस्त्यावरील गाड्या तेवढ्याच प्रमाणात कमी होतात असे नाही.

पुण्यात काय झाले?

पुणे महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. सुरुवातीला अर्ध्या तासाला 1 रुपया एवढेच भाडे होते. तरीही तोडफोड आणि चोरीच्या तक्रारी वाढल्या आणि कंपन्यांनी हळूहळू काढता पाय घेतला. नुसती स्वस्ताई पुरली नाही.

कर्जतचे गणित वेगळे का?

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर सुमारे 100 किलोमीटर. त्यामुळे दहिवली, मुद्रे, भिसेगावच्या चाकरमान्याची सायकल स्टेशनपर्यंतच जाणार. समजा, घर 3 किलोमीटरवर आहे आणि महिन्याला 25 फेऱ्या होतात. जाऊन-येऊन 150 किलोमीटर झाले. किलोमीटरला 2 रुपये धरले तरी हाती 300 रुपये. शिवाय ठाणे-मुंबईतील कंपनी हे पैसे कशाला देईल?

त्याची खरी अडचण दुसरीच आहे. पहाटे लावलेली सायकल रात्री जागेवर सापडेल का? पावसात भिजून गंजेल का? त्यामुळे इथे रोख रकमेपेक्षा स्टेशनजवळ छप्पर आणि राखणदार असलेले मोफत स्टँड हेच मोठे बक्षीस ठरेल. हिशेबही सोपा होईल. गर्दीत रेंगाळणारी मोटारसायकल आणि सायकल यांतला फरक ओळखताना मोबाइल ॲप फसू शकते. स्टँडवरचे टोकन फसत नाही. साधा फोन वापरणाराही वगळला जात नाही.

खालापुरात काय करता येईल?

खोपोली परिसरात कारखाने आहेत, म्हणजे पैसे देऊ शकणारा मालक जवळच आहे. गेटवर नोंद करून हजेरीच्या दिवसांप्रमाणे सायकल भत्ता देता येईल. पण जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर अवजड वाहने धावतात आणि रात्रपाळीचा कामगार अंधारात घरी परततो. दिवे आणि रस्त्याकडेला सुरक्षित जागा नसताना भत्त्याचे आमिष दाखवणे म्हणजे त्याला धोक्यात लोटणे.

आधीपासून सायकल चालवणाऱ्यांचे काय?

2011 च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग वगळता देशातील सुमारे 13 टक्के कामगार सायकलने कामावर जात होते. त्यातील अनेकांसाठी सायकल ही गरज आहे, हौस नाही. बक्षीस केवळ 'नव्या' सायकलस्वारांना दिले, तर हेच लोक बाहेर राहतील.

सुरुवात कुठून?

एका स्टेशनवर, जून ते सप्टेंबर असा प्रयोग कमी खर्चात होऊ शकतो. उन्हाळ्यात भरलेले स्टँड फारसे काही सांगत नाही. जुलैच्या पावसात तिथे किती सायकली उभ्या राहतात, त्यावरून योजनेचा कस लागेल.